नऊ फॉर्म आणि जनाबाईचा नंबर

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत कुठल्याही बाईला विचारा, तुमचा मोबाइल नंबर काय? ती आधी कोपऱ्यावरच्या निळ्या दाराकडे बघेल आणि म्हणेल, "जनाबाईचा लिहा." गॅस, रेशन, पोरांची शाळा, लसीचं सर्टिफिकेट, सगळीकडे एकच नंबर. यात जनाबाईचा गुन्हा एवढाच, की ती दिवसभर घरी असते आणि तिचा फोन कायम चालू असतो. बाकीच्यांचे फोन एक तर नवऱ्याच्या खिशात, नाहीतर पोरांच्या गेममध्ये.

जनाबाई सत्तावन्न वर्षांची. काम धागे कापायचं. जीन्स शिवून झाल्या की शिवणीला धागे लोंबत राहतात, ते छोट्या कात्रीनं एकेक कापायचे. सेठचा माणूस सकाळी गठ्ठे आणून टाकतो आणि संध्याकाळी "अदी, माल हो गया क्या?" म्हणून दारात उभा राहतो. अदी म्हणजे सिंधीत ताई. वीस वर्षं हीच अदी, हाच माल. अंगठ्याला घट्टा पडलाय, मान उजवीकडं वळत नाही, आणि बोटांना लागलेला निळा रंग आता साबणालाही दाद देत नाही.

मध्येच फोन वाजायचा. मग गुडघ्यावर हात टेकून उठायचं, खिडकीतला फोन घ्यायचा, आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची. "जनामावशी, ओटीपी आला का?" हे तर दिवसातून दहा वेळा. तिचा नवरा भीमराव एका कंपनीत वॉचमन होता, आता टीव्हीसमोर बसून तीच ड्यूटी करतो. तो म्हणायचा, "भाज, लष्कराच्या भाकऱ्या भाज. मेलीस की गल्ली तुझा पुतळा उभारेल."

"पुतळा नको, तुम्ही एकदा उठून फोन घेतला तरी पुरे," जनाबाई म्हणायची. भीमराव आवाज वाढवायचा. टीव्हीचा.

तर असं सगळं चाललेलं असताना, मागच्या संक्रांतीनंतर समाजमंदिराच्या पटांगणात एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. कुठल्याशा संस्थेची, सिस्टर मात्र सरकारी दवाखान्याची. आत मशीन. चाळिशीच्या पुढच्या बायकांची छातीची तपासणी, फुकट. गाडी सकाळपासून उभी आणि बायका लांबूनच बघतायत, जशी काही आत वाघीण बसलीय. कोण जाणार? कपडे काढायचे म्हणे. बाई आहे का बुवा आहे आत? शेवटी जनाबाई कात्री ठेवून उठली. "चला गं, मी पुढं होते. लाज काय, सगळ्यांचं सारखंच आहे," म्हणाली आणि आठ जणींना घेऊन गेली. त्यात दोन सिंधी होत्या, एक बिहारकडची, एक शबाना, बनूबाई, आणि समोरच्या घरातली उमा.

उमा तिची सख्खी शेजारीण. चव्वेचाळीस वर्षांची, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. वीस वर्षं समोरासमोर दारं. उमाच्या पोरीला, सुरुचीला, पहिला भात जनाबाईनंच भरवलेला. उमाचा नवरा शरदचंद्र अंबरनाथ एमआयडीसीत मशीनवर. घरात फोन एकच, आणि तो शरदबरोबर कंपनीत. त्यामुळे उमाचाही नंबर कोणता, हे सांगायला नको.

गाडीतली सिस्टर फॉर्म भरता भरता थांबली. "अहो, एकाच नंबरवर नऊ बायका? तुम्ही काय टेलिफोन एक्स्चेंज आहात का?"

"लिहा हो तुम्ही. आमच्यात असंच असतं," उमा म्हणाली आणि जनाबाईच्या खांद्यावर हात टाकला.

"बरं. काही असलं तर फोन करू," सिस्टर म्हणाली. "फोन नाही आला तर समजा सगळं ठीक."

हे वाक्य नऊ जणींनी गाठीला बांधलं आणि हसत घरी आल्या.

आता पुढचं ऐका. महिनाही झाला नसेल, आणि जनाबाईच्या फोनवर सुरुचीच्या कॉलेजातून फोन आला. मुलगी पंधरा दिवस कॉलेजला आली नाही, पालकांना पाठवा. उमा बाजारात गेलेली. दारात शरद बूट घालत होता. जनाबाईनं मागचापुढचा विचार न करता त्यालाच सांगून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिच्या मनात पाप नव्हतं, पण मनात नसून काय उपयोग? शरदनं संध्याकाळी पोरीला बेदम मारलं. आवाज गल्लीभर. दुसऱ्या दिवशी सुरुचीचा ओठ सुजलेला, आणि आठवड्यात बापानं जाहीर केलं, बास झालं शिक्षण, आता स्थळ बघतो.

उमा नळावर सगळ्यांसमोर जनाबाईला म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं गं? मी मेले होते का? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! यापुढं माझ्या घरचा फोन आला ना, तर गिळून टाक. समजलं? गिळून टाक!"

जनाबाईनं हंडा उचलला आणि घरी आली. त्या दिवसापासून अबोला.

अबोला म्हणजे काय हे ज्यांनी धरलाय त्यांनाच ठाऊक. दोघी एकाच नळावर, मध्ये बनूबाई. "बनू, त्यांना सांग हंडा बाजूला घ्यायला," जनाबाई म्हणायची. हातभर अंतरावर उभी असलेली उमा ते ऐकायची, पण हलायची नाही. मग बनूबाई वळून म्हणायची, "उमे, हंडा बाजूला घे म्हणतायत." तेव्हा उमा हंडा घ्यायची. बनूबाईला या कामाचा भारी अभिमान. साठीची बाई, गल्लीतली सगळ्यांत जुनी, कुणाच्या घरात काय बोलावं आणि काय नाही याची सगळी व्यवस्था तिच्याकडं.

फेब्रुवारी संपता संपता दुपारी फोन आला. तीच सिस्टर. "उमाबाईंना पाठवा. डाव्या बाजूला काहीतरी दिसतंय. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करावी लागेल. घाबरायचं कारण नाही, दहातल्या आठ-नऊ जणींना काही निघत नाही. पण यायला हवं, पंधरा दिवसांत."

जनाबाई फोन कानाला लावून दारात उभी होती. समोर उमा दोरीवर कपडे टाकत होती. मध्ये बारा पावलं. तेवढीच. जनाबाईनं पाय उचललाही. तेवढ्यात उमानं बघितलं, तोंड फिरवलं, आणि ओला टॉवेल असा झटकला की पाणी इकडं उडालं. जनाबाईचा पाय जागच्या जागी राहिला. गिळून टाक म्हणाली होतीस ना? बरं.

पण गिळलं नाही तिनं, हेही सांगायला हवं. तिनं बनूबाईला बोलावलं, चहा दिला आणि सगळं नीट सांगितलं. डावी बाजू, सोनोग्राफी, सुई, पंधरा दिवस. बनूबाईनं मान डोलावली आणि उमाच्या घरी गेली. तिथं बघते तो पाहुणे. सुरुचीचं स्थळ आलेलं, पसंती झालेली, सुपारी फुटायची बोलणी चाललेली. बनूबाई पेढा खाऊन परत आली. लग्नघरात असलं अशुभ बोलू नये, एवढं तिला कळत होतं. हळद उतरू दे, मग सांगू.

आठवड्यानं जनाबाईनं विचारलं, "सांगितलंस का गं?" बनूबाईला वाटलं, आता हिला काय समजावत बसा. म्हणाली, "सांगितलं की. कळलंय तिला."

एप्रिलात सिस्टरचा पुन्हा फोन आला, अजून बाई आल्या नाहीत. जनाबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "निरोप दिलाय हो सिस्टर. लेकीचं लग्न आहे, येईल." हे सांगताना तिला थोडं बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोला. आपण आपलं काम केलं. यायचं नाही ना, नको येऊस.

मे महिन्यात लग्न झालं. पत्रिका बनूबाईच्या हातून आली, जनाबाई गेली नाही. दारात बसून धागे कापत राहिली आणि वरात गल्लीतून गेली तेव्हा तेवढी आत गेली. जूनमध्ये उमा आणि शरद बदलापूरला राहायला गेले. समोरच्या दाराला कुलूप लागलं. बनूबाई गुडघ्याच्या दुखण्यानं गावाला जाऊन राहिली, आणि जे हळद उतरल्यावर सांगायचं होतं ते तिच्या डोक्यातून साफ उतरलं.

सप्टेंबरच्या शेवटी, गणपती होऊन पितृपक्ष लागलेला, आणि जनाबाईच्या फोनवर नवाच आवाज. "मी माया सिस्टर. आधीच्या सिस्टर बदलून गेल्या. मी जुनं रजिस्टर बघतेय. उमा शरदचंद्र, डावी बाजू, जानेवारी. या आल्याच नाहीत. आठ महिने झाले मावशी. यायचं नसेल तर तसं सांगा, मी पुढं 'नकार' लिहिते आणि नाव बंद करते. यायचं असेल तर शुक्रवारी एक जागा आहे."

"नकार कशाला लिहिता? तिला निरोप..." जनाबाई बोलता बोलता थांबली. बनूबाई कालच गावाहून आली होती. समोर ओट्यावर बसून लसूण सोलत होती. "धरा हं सिस्टर," जनाबाई म्हणाली आणि ओट्यापाशी गेली. "बनू, उमाला तू काय सांगितलं होतंस? शब्दाला शब्द सांग."

बनूबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "अगं, लग्नघर होतं..."

"सांगितलंस का नाही?"

बनूबाई खाली मान घालून लसूण सोलायला लागली. सहा-सात महिने ती उमेवर मनातल्या मनात चिडत होती, बघा, एवढं सांगून गेली नाही, जिवाची पर्वा नाही. आणि तिकडं उमेला काही पत्ताच नव्हता.

"शुक्रवारची जागा ठेवा," ती फोनवर म्हणाली. "नकार लिहू नका. मी आणते."

आणते म्हणाली खरी, पण कुठून? बदलापूर एवढंच ठाऊक. शरदला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा बिझी. त्या भांडणानंतर त्यानं नंबर ब्लॉक करून ठेवलेला असणार. भीमराव म्हणाला, "दमलीस ना? बस आता. तिचं नशीब." जनाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं आपणहून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सेठच्या माणसाला गठ्ठे परत पाठवले, वीस वर्षांत पहिल्यांदा. शेअर रिक्षानं अंबरनाथ, तिथून दुसऱ्या रिक्षानं एमआयडीसी. शरदची कंपनी तिला माहीत होती. पहिली पाळी तीनला सुटते. ती दीडलाच जाऊन बसली, गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. ऊन मी म्हणत होतं. हवेत केमिकलचा आंबूस वास. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यात रुतले होते. तिला वाटलं, इथंच आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

तीनला भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडली. शरद दिसला. डबा हातात, केस पार पिकलेले. तिला बघून जागीच उभा राहिला. "जनाबाई? तुम्ही इथं?"

आता इथं काय सोपं होतं सांगू? चार वाक्यं. डावी बाजू, सुई, शुक्रवार, येते मी. घरचा कर्ता आहे, नेईल बायकोला. निरोप पोचला, जबाबदारी संपली, पाच वाजता घरी. जनाबाईचं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तिला सुरुचीचा सुजलेला ओठ आठवला. मागच्या वेळीही दारात हाच होता आणि सोपं म्हणून यालाच सांगितलं होतं. नाही. जिचं तिलाच आधी.

"शरदभाऊ, सुरुचीचा आहेर द्यायचा राहिलाय," ती म्हणाली. "लग्नाला आले नाही, मनाला लागून राहिलंय. पत्ता द्या तुमचा. उमेच्या हातात देते."

शरदनं डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "तीपण आठवण काढते तुमची. बोलत नाही, पण काढते." पत्ता सांगितला. बेलवली, अमुक बिल्डिंग, तळमजला. "मी चहा पिऊन पुन्हा ओव्हरटाइमला आत जातोय. तुम्ही व्हा पुढं."

वाटेत तिनं एक साडी घेतली, खोटं पडायला नको म्हणून. बदलापूरला उतरून बेलवलीपर्यंत जाईस्तोवर साडेपाच झाले. दार उमानंच उघडलं. आणखी वाळली होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मध्ये बनूबाई नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करायची तेच कळेना.

"ही साडी. सुरुचीला," जनाबाई म्हणाली. "आणि ही निमित्त आहे. आधी मला पाणी दे, मग खाली बस."

उमानं पाणी दिलं आणि खाली बसली. जनाबाईनं सगळं सांगितलं. फेब्रुवारीतला फोन, बारा पावलं, ओला टॉवेल, बनूबाई, एप्रिल, माया सिस्टर. काही वगळलं नाही. स्वतःला वाचवेल असं तर नाहीच. सांगून झाल्यावर म्हणाली, "शिव्या दे. मी ऐकायलाच आलेय."

उमा शिव्या देईना. हात पदराखाली गेला आणि तिथंच राहिला. "मला लागते गं हाताला," ती म्हणाली. "होळीपासून. आंघोळ करताना. आधी वाटाण्याएवढी होती. मग मी म्हणायचे, जनाताईला फोन आला का? नाही ना? आला असता तर भांडण असलं तरी सांगितलंच असतं तिनं. म्हणजे काही नाही. रोज हेच म्हणायचे आणि कपडे घालायचे."

जनाबाईला रडू आवरलं नाही. वीस वर्षांत गल्लीनं तिला रडताना पाहिलं नव्हतं, पण इथं गल्ली नव्हती. हमसून रडली. रडायचं उमेनं आणि रडतेय ही, असा सगळा उलटा कारभार. शेवटी उमाच उठली आणि तिनं चहा टाकला.

"शुक्रवारी जायचंय," जनाबाई डोळे पुसत म्हणाली.

उमा चहा गाळत होती. "पितृपक्ष चाललाय ताई. असल्या दिवसांत दवाखान्याची सुरुवात नको. घट बसू देत, मग जाऊ. आठवड्याचा तर प्रश्न."

तेव्हा मात्र जनाबाईचं डोकं फिरलं. "पहिल्यांदा लग्न. मग गणपती. आता पितर. मग घट, मग दिवाळी! त्या गाठीला पंचांग कळत नाही उमे!"

"तुला काय, तुमच्यात नसतं हे पितर-बितर."

"नसतं आमच्यात. पण मरण आमच्यातही असतं ना?"

उमानं चहाचा कप पुढं सरकवला. मग म्हणाली, "सोबत कोण?"

"मी कशाला आलेय इथवर? पाय मोडून घ्यायला?"

शरदला उमानं त्या रात्री स्वतः सांगितलं. तो म्हणे जेवला नाही, आणि सकाळी आपला फोन तिच्यापुढं ठेवून कंपनीत गेला. आता माणसाला काय म्हणावं? वेळेवर सुचत नाही ही एवढीच तर गोष्ट आहे.

शुक्रवारी सरकारी दवाखान्यात बाकड्यावर दोघी सकाळी आठपासून बसल्या. आधी केसपेपर, मग सोनोग्राफी, मग पुन्हा बाकडं. अकराच्या सुमाराला जनाबाईला डुलकी लागली आणि डोकं उमाच्या खांद्यावर पडलं. पेशंट कोण आणि सोबत कोण, बघणाऱ्याला कळलं नसतं. उमानं तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि नाव पुकारेपर्यंत तिला उठवलं नाही.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण चेहऱ्यावर सकाळपासूनच्या साठ पेशंटांचा शीण. कागद बघितले, तपासलं, काखेतही दाबून बघितलं. मग चष्मा काढला. "जानेवारीत दिसलं होतं हे. आठ महिने कुठं होतात? तुम्ही बायका ना, स्वतःच्या जिवाची काही काळजीच घेत नाही. फोन केले होते ना तुम्हाला?"

जनाबाईनं श्वास घेतला. आता यायचं होतं ते आलं.

"लेकीचं लग्न होतं मॅडम," उमा म्हणाली. "माझंच चुकलं. मीच म्हटलं, नंतर बघू."

जनाबाईच्यानं राहवेना. "नाही मॅडम. हिला माहीतच नव्हतं. फोन मला आला होता. मी नाही सांगितला."

डॉक्टर मॅडमनी एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. बाहेर रांग होती. "बरं," त्या म्हणाल्या, "आता सुईची तपासणी आज करूनच जा," आणि लिहायला लागल्या. एवढंच. जनाबाईला वाटत होतं, कुणीतरी ओरडावं, चारचौघांत पाणउतारा करावा. पण तेवढा वेळ कुणाकडंच नव्हता.

सुई झाली. उमा ओठ दाबून बाहेर आली. माया सिस्टरनं फॉर्म पुढं ओढला. "रिपोर्टला दोन आठवडे लागतील. मोबाइल नंबर सांगा."

उमानं घडाघडा दहा आकडे सांगितले. जनाबाईचे.

"ए, असं करू नकोस," जनाबाई म्हणाली. "घरचा दे. शरदभाऊंचा दे. नवा घे एखादा. पण माझा नको, पाया पडते तुझ्या."

"तुझाच राहू दे," उमा म्हणाली. "त्यांच्या फोनवर आला तर ते आधी घाबरतील, मग मला कसं सांगायचं यात चार दिवस घालवतील. मी ओळखते ना. पण एक कर. आता मध्ये कुणी नको. तू यायचंस. तोंडानं सांगायचंस. वाईट असलं तरी."

सिस्टरनं नंबर लिहिला आणि खाली रेघ मारली.

पुढचे पंधरा दिवस जनाबाईनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. कात्री चालायची, पण नजर खिडकीत. ओटीपी यायचे, गॅसवाल्याचे मेसेज यायचे, शबानाच्या पोराच्या शाळेतून फोन यायचे, आणि दर वेळी ती कात्री टाकून खिडकीकडं धावायची. बनूबाई ओट्यावर यायची, बसायची, पण बोलायची नाही. तिनं उमेसाठी उपास धरला होता. जनाबाईनं तिला त्याबद्दल काही विचारलं नाही. रागवायलाही अंगात ताकद लागते.

सोळाव्या दिवशी सकाळी, नळाला पाणी आलेलं, सगळ्या बायका बाहेर, आणि फोन वाजला. जनाबाई हंडा तसाच नळाखाली सोडून आत धावली.

"मावशी, माया बोलतेय." आवाज हलका होता, म्हणजे हलका केलेला होता. "उमाबाईंना उद्याच घेऊन या. मॅडमना ऑपरेशनचं बोलायचंय. घरच्यांनाही आणा. इलाज आहे मावशी, तसं सांगा त्यांना. पण आता एक दिवससुद्धा घालवायचा नाही."

"आणते," जनाबाई म्हणाली.

फोन कमरेला खोचला. कात्री उचलून खिळ्याला अडकवली. गुडघ्यावर हात टेकून उंबऱ्याबाहेर आली आणि चपला शोधू लागली. एक सापडली, दुसरी भीमरावनं वाकून खाटेखालून काढून दिली. बाहेर हंडा भरून वाहत होता आणि नळावरच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. बनूबाई पुढं आली, चेहरा पांढराफटक. "कुणाचा फोन गं जना? मी जाऊ का कुणाला सांगायला?"

"नको," जनाबाई म्हणाली. "माझाच होता."

आणि ती रिक्षा बघायला कोपऱ्याकडं चालू लागली.